निळी डबी की हिरवी डबी

६ जुलै, शनिवार
आषाढ लागला आणि आजच लेकीनं, सिंचनानं, फर्मान काढलं. लॅपटॉप आता चालत नाही, सरकतो म्हणे. नवी एसएसडी हवी. ही लॅपटॉपच्या पोटात बसते आणि त्याला पळवते. ३० तारखेला कॉलेजात ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायचं. पाच वर्षांच्या आर्किटेक्चरचा शेवट, तिच्या प्रोजेक्टमधल्या भाजीमंडईचे सगळे नकाशे आतच आहेत. ज्युरी हुकली तर वर्ष गेलं.
तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघते. या घरात प्रेशर कुकरपासून देव्हाऱ्यापर्यंत एकही वस्तू मी पारखल्याशिवाय आलेली नाही. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, म्हणूनच फ्रिज दोन उन्हाळे उशिरा आला. 
संकल्प: सोमवारी खरेदी. विषय संपला.

८ जुलै, सोमवार
राहुकाळ नऊला संपला, दुकान दहाला उघडलं. शुभच म्हणायचं. आषाढात नवी वस्तू घ्यावी का, हे राघवेंद्रस्वामींच्या मठातल्या आचार्यांना फोनवर विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, पोटात बसणाऱ्या वस्तूला दोष नाही.
दुकानदार पुट्टस्वामीनं दोन डब्या पुढे ठेवल्या. एक निळी, एक हिरवी. दोन्ही ५०० जीबी, दोघींना पाच वर्षांची गॅरंटी. आतली वस्तू चिक्कीच्या पट्टीएवढी. निळी १६० रुपयांनी महाग. का, विचारलं, तर म्हणतो, अम्मा, काही फरक नाही, कुठलीही न्या. फरक नाही तर १६० कशाचे? काउंटर पुसायला लागला. सापडला!
दोन दिवसांत निर्णय. घाईत घेतलेली वस्तू मी आजवर वापरलेली नाही.

९ जुलै, मंगळवार
मंगळवारी नवं काही घेत नाही. पण हात रिकामे ठेवले नाहीत. डब्यांवरचं बारीक अक्षर काल उतरवून आणलं होतं. निळीवर एकूण ३०० टीबी लिहिता येतं, हिरवीवर ३२०; एक टीबी म्हणजे हजार जीबी. सिंचना दिवसाला फार तर २० जीबी लिहिते असं धरलं. निळी ४१ वर्षं पुरेल, हिरवी जवळजवळ ४४. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात ८१ मार्क होते, ते असे कामी येतात.
म्हणजे मुलगी बावीसची. निळी तिच्या त्रेसष्टीपर्यंत, हिरवी सहासष्टीपर्यंत. त्या तीन वर्षांत तिला काय लागेल, हे आज कसं सांगावं? तिलाच विचारलं. ती म्हणाली, अम्मा, मला एकवीस दिवसांचं बघायचंय.
तरुण मुलांना दूरचं दिसत नाही.

१० जुलै, बुधवार
कौल लावला. राघवेंद्रस्वामींच्या तसबिरीला दोन ओली फुलं चिकटवली. उजवं निळीचं, डावं हिरवीचं. अर्धा तास बसले. एकही पडेना. मग दोन्ही एकदम पडली. यांनी पंखा लावला होता.
दुपारी लॅपटॉप मध्येच बंद पडला. चार तासांचं काम गेलं. सिंचना रडली. ताटावर आली नाही, सार तसंच राहिलं. दाराबाहेरून सांगितलं, अगं, उद्या गुरुवार, स्वामींचा वार, उद्या नक्की. आतून म्हणाली, अम्मा, आज तरी काही म्हणू नकोस.
मलाही जेवण गेलं नाही. उद्या म्हणजे उद्या.

११ जुलै, गुरुवार
मठात फार गर्दी. प्रदक्षिणा, पंक्ती, भजन. घरी यायला साडेचार. दुकान राहिलं. पण लेकीसाठी अकरा प्रदक्षिणा जास्त घातल्या, ते काही कमी नाही.
घरी आले तर बाप-लेक लॅपटॉपपुढे मांडी घालून, जेवणाच्या ताटलीत छोटा स्क्रू ड्रायव्हर. मिक्सर दुरुस्त करत होतो, म्हणाले. मिक्सर अजून घरघरतोच. यांच्या हातून आजवर काय दुरुस्त झालंय!
केराच्या डब्यात पारदर्शक प्लॅस्टिकचा नवाकोरा ट्रे. मध्ये लांबट खाच. हे कसलं, विचारलं, तर गोळ्यांचं असेल, म्हणाले. टाकवेना. धुतला, पुसला. खाचेत फुलवाती अश्शा बसल्या की जणू त्यांच्यासाठीच केलाय. देव्हाऱ्यात ठेवला.
लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि मठातल्या अक्षता वाहिल्या.

१२ जुलै, शुक्रवार
स्वामींची कृपा! लॅपटॉप पळतोय. पूर्वी एक नकाशा उघडेपर्यंत माझं कॉफीचं डिकॉक्शन उतरायचं. आज मी डबा उघडेपर्यंत नकाशा उघडला. सिंचनाला म्हटलं, बघितलंस कालच्या अक्षतांचं? ती म्हणाली, हो अम्मा, अक्षतांचंच असणार. आणि बाहेर पळाली. बापाला खोकला आला. आलं घातलेला काढा दिला.
पहाटे देवीच्या दर्शनाला चामुंडी टेकडीही चढून आले होते. पहिला आषाढ शुक्रवार. आणखी काय हवं?
तरी गाफील राहायचं नाही. अक्षता किती दिवस पुरणार? एसएसडी हवीच.

१५ जुलै, सोमवार
पुट्टस्वामीकडे. आज वजनानं निकाल लावायचा होता. भांड्याचं खरंखोटं वजनात कळतं. शेजारच्या चांदीवाल्याचा काटा मागितला. डबीसकट निळी आणि हिरवी, गुंजभरही फरक नाही! चांदीवाला म्हणाला, अम्मा, लग्न आहे का घरात? त्याला काय कळणार.
पुट्टस्वामी काहीतरी सांगू पाहत होता. तुमच्या मुलीनं, असं सुरू केलं. मी बोलू दिलं नाही. दुकानदाराला एकदा बोलू दिलं की वस्तू गळ्यात पडते.

१८ जुलै, गुरुवार
शेजारच्या पद्मजम्मा आल्या. त्यांचाही लॅपटॉप रांगतो. त्यांना आमचा उपाय सांगितला. हळद, कुंकू, अकरा प्रदक्षिणा. संध्याकाळी येऊन म्हणाल्या, नागवेणम्मा, काही झालं नाही हो, उलट कळफलकात कुंकू गेलं आणि एक अक्षर उमटत नाही. श्रद्धा लागते. तोंडावर बोलले नाही.

२२ जुलै, सोमवार
आता मला बघितलं की पुट्टस्वामी आपणहून दोन्ही डब्या काउंटरवर मांडतो आणि कॉफी प्यायला जातो. विश्वास लागतो त्यासाठी.
सिंचनानं या विषयावर अवाक्षर काढलेलं नाही. दहा दिवस झाले. पूर्वी रोज भुणभुण होती. आईच्या हाती सोपवलं की मुलं निर्धास्त होतात. यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, अगदी निर्धास्त आहे ती. आणि पुन्हा खोकला. डॉक्टरांना दाखवायला हवं.

२६ जुलै, शुक्रवार
घेतली! राहुकाळ संपला आणि बरोबर बारा वाजून पाच मिनिटांनी निळी उचलली. चामुंडीदेवीच्या साडीचा आज निळा रंग होता, हा कौलच. त्या तीन वर्षांवर पाणी सोडलं. १६० रुपयांपैकी साठ सोडवून घेतले.
पुट्टस्वामीनं दोनदा विचारलं, अम्मा, नक्की ना? आणखी एक हवीच ना? आणखी एक काय, मला एकच हवी. थकलाय बिचारा.
सोमवारपर्यंत देवापुढे राहील. मग बसवायची, मंगळवारी ज्युरी. सगळं वेळेत. उगाच लोक घाई करतात.

२९ जुलै, सोमवार, संध्याकाळ
दिवा लावला. दोघांना बोलावलं. उजव्या हातानं डबी उघडली.
आतून पारदर्शक प्लॅस्टिकचा ट्रे निघाला. मध्ये लांबट खाच. खाचेत एसएसडी.
समोर देव्हाऱ्यात तसाच ट्रे. खाचेत फुलवाती.
 यांना खोकला आला नाही.
मग सिंचना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, अम्मा, त्या गुरुवारी तू मठात गेलीस तेव्हा आणली. अप्पांनी पैसे दिले, आम्ही दोघांनी बसवली. रागावू नकोस गं. चार तासांचं काम गेल्यावर मला भीती वाटली. आणि तुला काट्यावर वजन करताना इतकं छान वाटत होतं, की सांगवेना.
मी विचारलं, किती वेळ लागला निवडायला? म्हणाली, रिक्षा बाहेर थांबली होती.
निळीच का? म्हणाली, काउंटरवर पुढे होती.
म्हणजे अठरा दिवस स्वामींना विचारत होते, आणि उत्तर त्यांच्या पुढ्यात वाती घेऊन बसलेलं.

३० जुलै, मंगळवार
ज्युरी झाली. तिन्ही परीक्षकांना भाजीमंडई आवडली. एकानं विचारलं, गिऱ्हाईकाला बसायला एवढे बाक कशाला? सिंचना म्हणाली, माझी आई भाजी घेते, तिला वेळ लागतो. सगळे हसले म्हणे. पहिला वर्ग नक्की.
घरी येऊन मला मिठी मारली. पायसम केलं. जास्त गोड झालं, साखर दोनदा पडली असावी.

१ ऑगस्ट, गुरुवार
उघडलेली डबी पुट्टस्वामी परत घेत नाही. पद्मजम्मांना घेतल्या किमतीत दिली. सिंचना बसवून आली, आता त्यांचाही लॅपटॉप पळतो. मी त्यांना ४१ वर्षांचा हिशेब सांगू लागले. त्या म्हणाल्या, असू द्या हो, चालते ना. डबीचा रंगसुद्धा विचारला नाही.
दुसरा ट्रे मात्र मी मागून घेतला. त्यात कापूर ठेवलाय.
सकाळी पूजा करताना तसबिरीवरचं उजवं फूल, निळीच्या बाजूचं, आपणहून पडलं. पंखा बंद होता. काही विचारलेलं नव्हतं.