आजचं पाणी: सात

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.४०
लॅब इन्चार्ज होऊन आज सहा महिने झाले. लॅबमध्ये मी एकटाच, त्यामुळे हाताखालच्या लोकांचा त्रास नाही. संकल्प: आजपासून पीएच मीटरचं कॅलिब्रेशन रोज, तिन्ही बाटल्यांत. चार (आंबट), सात (ना इकडे ना तिकडे) आणि दहा (साबणासारखं). नियम म्हणजे नियम.
चारच्या बाटलीचं झाकण जाम. दहाच्या बाटलीची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटलेली. सातमध्ये बुडवलं, सात आलं. पास.

४ मार्च
आधीचा माणूस मीटरचा इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडवायची कांडी, कसल्याशा खारट पाण्यात ठेवायचा. शुद्ध आळस. मी रोज रुमालाने खसखसून पुसतो, कोरडा करतो आणि खोक्यात ठेवतो. आज टोकाच्या काचेच्या गोळीवर एक केस दिसला. जोर लावून पुसला, तरी निघेना. उद्या बघू.

५ मार्च
मीटर सुधारलं! आधी ६.८, ७.३ असं भटकायचं. आज ७.०० वर ठाम. पुसण्याचा परिणाम.
कारखान्यात ॲसिडने पत्रे धुतलेलं आंबट पाणी आमच्या टाकीत येतं. चुना टाकून ते सातवर आणायचं आणि बागेला सोडायचं. सात आलं म्हणजे चुना बंद. चुनेवाला म्हणाला, आज अजून पोतं फोडलेलंच नाही. मी म्हटलं, आकड्याशी वाद घालू नये.
घरी सौ. म्हणाली, तुम्हाला काहीही सांगितलं तरी तुम्ही नुसतं 'बरं' म्हणता. मी म्हटलं, बरं.

८ मार्च, शनिवार
सलग सात. चुना वाचला म्हणून साहेब खूश. रजिस्टरमध्ये महिनाअखेरपर्यंतचे सात आजच भरून टाकले, रविवार सोडून. एकाच पेनाने. अक्षर सुरेख आलंय.

१० मार्च
माळीकाका आले. पंचवीस वर्षं कारखान्याची बाग बघतात. म्हणाले, गुलाबाची पानं कडेने करपतायत, पाणी एकदा तपासाल का? मी रजिस्टर दाखवलं. त्यांनी हात दाखवले. बोटांना भेगा पडल्यात. मी म्हटलं, क्रीम लावा.
घरी शांतता आहे. सौ. कालपासून एकदाही भांडली नाही. बदल चांगला आहे.

१२ मार्च
सौ. भांडत नाही कारण सौ. घरात नाही. फ्रिजवर चिठ्ठी सापडली: 'दादाकडे जातेय.' तारीख नऊ. डबा का मिळत नाही याचा उलगडा झाला.
काही वाटलं नाही. वाटेल म्हणून स्वयंपाकघरात थोडा वेळ उभा राहिलो. मग कपबशी विसळली.

१४ मार्च
बाहेरची पार्टी कारखाना बघायला येणार आणि बाग जळालेली. साहेबांनी बोलावलं. मी रजिस्टर पुढे केलं. ते म्हणाले, पाणी ठीक असेल तर माळ्याचीच चूक, पुढच्या शनिवारनंतर नवा माळी. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

१७ मार्च, सोमवार. दुपारी ३.१०
माळीकाका लिंबू घेऊन आले. म्हणाले, मशीन यात बुडवा, मला नुसतं बघायचंय. मी हसलो. पिळलं, बुडवलं. ७.००.
काकांनी आकडा वाचला. मग म्हणाले, म्हणजे आपलं पाणी लिंबाएवढं आंबट आहे की. मी म्हटलं, विज्ञान इतकं सोपं नसतं. ते अर्धं लिंबू टेबलावर ठेवून गेले.

दुपारी ३.४०
व्हिनेगर: सात. साबणाचं पाणी: सात. माझा चहा: सात.
गोळी भिंगाखाली धरली. तो केस नव्हता. तडा होता.
छातीत काहीतरी हललं, नाही असं नाही. पण लगेच बसलं.
संकल्प: उद्या साहेबांना सगळं सांगायचं.

१८ मार्च
साहेब दिवसभर मीटिंगमध्ये.

१९ मार्च
साहेब मोकळे होते. पण मूडचा अंदाज येईना. नवा इलेक्ट्रोड मागवला. कारण: 'जुना झाला'. तो आला की पुराव्यासकट सांगू.

२० मार्च
इलेक्ट्रोड आला नाही. चुनेवाल्याला म्हटलं, उद्यापासून थोडा चुना टाकत जा. तो म्हणाला, आकडा काय म्हणतोय? मी म्हटलं, राहू दे मग.

२१ मार्च
केबिनमध्ये गेलो. दारातच साहेबांनी विचारलं, काय म्हणतंय पाणी? तोंडातून 'सात' गेलं. ते म्हणाले, गुड.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.३०
सकाळी नवा इलेक्ट्रोड आला. सोबतच्या कागदावर पहिलीच ओळ: कायम ओला ठेवा, घासून पुसू नका. चारच्या बाटलीशी झटत होतो, तेवढ्यात माळीकाका निरोप घ्यायला आले. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि भेगाळलेल्या बोटांनी एका पिळात झाकण उघडून दिलं. म्हणाले, लिंबू बघितल्यावर तुम्ही साहेबांशी बोलाल असं वाटलं होतं. असू दे.
ते फाटकाबाहेर पडेपर्यंत खिडकीत उभा होतो. हाक मारता आली असती.
मग चार आणि सात, दोन्हींत कॅलिब्रेशन केलं. पहिल्यांदाच नीट जमलं. टाकीचं पाणी: ३.९.
रजिस्टर उघडलं. आजच्या रकान्यात ७.०० आधीच लिहिलेलं. अक्षर सुरेख आहे. मिटून ठेवलं.

संध्याकाळी ७.१५
सौ.चा फोन. तेरा दिवसांनी. विचारलं, कसे आहात?
मी म्हटलं, सात.
ती म्हणाली, काय?
मी म्हटलं, काही नाही, ठीक आहे.
ती म्हणाली, बरं.