मोहाआधी टाच

११ जानेवारी, आलापल्ली
मायच्या उजव्या टाचेत भेग. लपवली होती, चादरीला रक्त लागलं तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणे, "थंडीत कोणाची टाच फुटत नाई? तुही जीभ तं बारमाही फुटलेली राह्यते."
तिला शुगर आहे. बाबालाही होती. बाबाचा पाय अशाच एका भेगेतून गेला. आधी भेग, मग जखम, मग नागपूर, मग कुबडी. घरात हे कोणी बोलत नाही. मीही इथेच थांबतो.

१३ जाने.
डॉ. बाईंना दाखवलं. पोरसवदा आहेत, पण ठाम. टाच भरल्याशिवाय जंगलात जायचं नाही, आणि अनवाणी तर कधीच नाही. माय भिंतीकडे तोंड करून बसली. मार्च सरताना अहेरीपलीकडे माहेरी मोहाची फुलं वेचायला जाणं तिचं कधी चुकलेलं नाही. तिच्या आजीच्या वाट्याचं झाड. आणि आमच्यात मोहाखाली चप्पल घालून जात नाहीत. हे डॉ. बाईंना सांगायची हिंमत झाली नाही.
चिठ्ठीवर लिहिलं: चांगलं मॉइश्चरायझर. चांगलं म्हणजे? माझ्या गोपनीय अहवालात साहेब लिहितात तसलं चांगलं?

१४ जाने.
रफिकभाऊंचं मेडिकल. त्यांनी एक अख्खं कपाट उघडलं. लोशन, क्रीम, जेली, बटर. डबीवर कुठे बदाम, कुठे कोरफड, कुठे बर्फाचा डोंगर. फरक काय, विचारलं. "हे पातळ हाय, हे घट्ट हाय. कोणतं देऊ?" एवढंच ज्ञान मिळालं. मी बदामवालं पातळ घेतलं. बदाम खाल्ले तर महाग पडतात, फासले तर परवडतात.

१६ जाने.
लोशन भेगेत झोंबलं. मायने गोंडीत शिव्या दिल्या. मराठी ती पाहुण्यांसाठी राखून ठेवते. घरभर गुलाबाचा वास. बदामाला गुलाबाचा वास कसा, हा वेगळाच घोळ. बायको म्हणाली, "वासाचं काऊन आणलं? फुटल्या टाचेले अत्तर लावते का कोणी?"
आणि पातळ ते थोड्या वेळात उडूनच गेलं. टाच पुन्हा खडखडीत.

२० जाने.
बायकोचा उपाय: ग्लिसरीन, नुसतं, भरपूर. मायची टाच जमिनीला चिकटायला लागली, पण भेग जास्तच कोरडी. कुठेतरी वाचलं की ग्लिसरीन पाणी ओढून आणतं. हवेत ओलावा असेल तर हवेतून, नसेल तर खालच्या कातडीतूनच. आपल्याकडे या दिवसांत हवेत काय आहे? धूळ. म्हणजे शिदोरी घेऊन येईल म्हणून पाहुणा बोलावला आणि त्याने घरचाच भात संपवला.
बायकोला हे सांगितलं नाही. घरात शांतता हवी.

२४ जाने.
आता मायचा उपाय. टोरीचं तेल, मोहाच्या बियांचं. सकाळी कढत पाण्याने पाय धुते, वजरीने घासते, शेकोटीपुढे पाय पार सुकवते. मग रात्री झोपताना तेल.
"माही आजी हेच लावे. तिची टाच कधी फुटली?"
तिला शुगर नव्हती, म्हटलं.
"तिले तुयासारखा पोरगाई नव्हता."
तेल चांगलं आहे. टाच चकाकते. चकाकते आणि फुटते. काऊन? काही कळत नाही.

३० जाने.
लाकूड डेपोत नोंदी करत बसलो होतो. समोर सागाच्या ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांना डांबर फासणं चाललेलं. इतकी वर्षं कारकुनी केली, रोज पाहिलं, डोक्यात आज शिरलं. ओंडक्याचं पाणी आधी तोंडाकडून उडतं, म्हणून तोंड फुटतं. डांबर पाणी घालत नाही. आहे ते अडवतं. म्हणून ओला असतानाच फासायचं. सुकून फाटलेल्या ओंडक्याला फासून काय उपयोग?
आणि आपण काय करून राह्यलो? मायची टाच शेकोटीपुढे सुकवतो आणि मग तेलाने तो कोरडेपणाच आत बंद करतो!
मग शंका आली. माय सागवान आहे का? ओंडका मेलेला असतो. तो शिव्या देत नाही.

२ फेब्रु.
धीर करून डॉ. बाईंना डांबराचं सांगितलं. हसल्या, पण हो म्हणाल्या. कोमट पाण्याने पाय धुवा, नुसते टिपा, ओलसर असतानाच लावा. घट्ट, बिनवासाचं, युरियावालं क्रीम. पण उघड्या भेगेत नाही, आजूबाजूला. वरून जेलीचा थर, म्हणजे ओल उडणार नाही. मग सुती मोजे. बोटांच्या बेचक्यात काही नको. वजरी बंद, शेकोटीही बंद.
मायला सगळं पटलं, युरिया सोडून. "युरिया तं धानाले टाकते. माह्या पायाले का लोंब्या आणतं?"
 तेच नाव, शेतात पोत्याने, टाचेवर बोटाने. क्रीमवाला युरिया पाणी धरून ठेवतो म्हणे, मेलेली कातडी मऊ करतो. शेतात मग काय करतो? उद्या बघू.

१७ फेब्रु.
भेग उथळ झाली. रक्त नाही. माय जेलीऐवजी टोरीचं तेल लावते असा संशय. मोज्यांना वास येतो. लागू पडलं ते क्रीम की तेल की पाणी, आता कोण सांगणार? डॉ. बाईंचं श्रेय डॉ. बाई घेतील, आजीचं माय घेईल. डांबराचं कोणी घेत नाही.

१४ मार्च
मामाच्या घरून निरोप. झाडाखालचा पाचोळा झाडून झाला, फूल टपकायला लागलं. माय सकाळपासून पिशवी भरते आणि रिकामी करते.

१९ मार्च
डॉ. बाई: टाच भरली, जाऊ दे. पण अनवाणी नाही म्हणजे नाही. शुगरने पायाची जाणीव मंदावते, भेग पुन्हा उघडली किंवा काटा गेला तर तिला कदाचित कळणारसुद्धा नाही. आज अखेर मोहाखालच्या चपलेचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या पुस्तकात मोह नसावा.

२१ मार्च
बायकोने तोडगा काढला: जाड मोजे. चप्पल नाही, अनवाणीही नाही. मोज्यातून काटा जाणार नाही का, मी विचारलं. कोणी ऐकलं नाही.
माय मोज्याची घडी मांडीवर घेऊन बसली. मग मलाच विचारलं, "मोहाखाली मोजे चालते का रे?"
मला काय माहीत. म्हटलं, तिकडे कोणा मोठ्या माणसाला विचार.
"कोणाले? माह्याहून मोठं तिथी आता कोण उरलं?"
 मग उठून पाय धुतले, टिपले, ओल्यावरच क्रीम लावलं. मोजे पिशवीत टाकले. घालायचे की नाही ते झाडाजवळ गेल्यावर पाहीन म्हणते.
मी रजा टाकली आहे. तिची चप्पल धरून उभं राहायला कोणीतरी लागेल.