परक्याचा हात

मुलुंड, रविवार

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तू अजून उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपतेस आणि वर चोरून सोलकढी पितेस, हे दादाने सांगितलं. जठराचा वरचा भाग छातीत सरकल्यावर जेवलेलं वर येणारच गं. ऑपरेशन आता लांबवण्यात अर्थ नाही. पण तू दहिसरच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंयस की माझी नेत्राच करणार, घरात डॉक्टर असताना "माका परक्याचो हात नको."

आता माझ्याकडची बातमी. मागच्या वर्षी मी दुर्बिणीने आतून टाके घालायचा कोर्स केला, तुझ्या ऑपरेशनात लागतात तेच टाके, आठवतं? माणसावर नाही, पेटीतल्या रबराच्या तुकड्यावर, पडद्याकडे बघत. मी पहिली आले म्हणून तू पेढे वाटलेस. गेल्या आठवड्यात तो कोर्स घेणाऱ्या जयंती मॅडमनी आधी न सांगता आम्हाला पुन्हा त्याच पेटीपुढे उभं केलं. पकडणं, कापणं जमलं. टाक्याची गाठ मात्र सुटत राहिली. मधल्या काळात तसं एकही ऑपरेशन माझ्या वाट्याला आलं नव्हतं. कृती तोंडपाठ, हात विसरलेला. तुझ्या हाताचं प्लास्टर काढल्यावर तुझे घावणे कसे तव्यावर फाटायचे, तसंच. फार वाईट वाटलं. पण हे रबरावरच कळलं म्हणून सुटल्यासारखंही वाटलं.

गाठ पक्की बसली ती माझ्याबरोबर कोर्स केलेल्या निधीची. तीच गं, जिला काडी म्हणत तू आग्रहाने कोंबडी-वडे वाढतेस. वयाने माझ्याहून लहान, पण ही ऑपरेशनं ती नेहमी करते, आणि घरी खोक्यात सराव करते तो वेगळाच. मीही पुन्हा सराव सुरू केलाय. हात येईल माझा, पण तोवर तू बसून झोपायचं, हे मला बघवत नाही.

तर आई, तुझं ऑपरेशन निधी करेल. मी आतसुद्धा येणार नाही. बाबांच्या आजारपणात तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी रिपोर्ट वाचत राहिले, डॉक्टरांशी बोलत राहिले, आणि बाबांजवळ शेवटचं बसायचं राहूनच गेलं. अजून रडू येतं त्याचं. ह्या खेपेला मला बाहेरच्या बाकावर दादाशेजारी बसायचंय, तुझी मुलगी म्हणून, घाबरून. तेवढं करू दे मला.

तुझीच,
नेत्रा