मुंगूस पळून गेलं

रविवार, ९ फेब्रुवारी

हे पडले. सायकलवरून. ऑपरेशन चालू आहे. मी बाहेर बाकावर. लिहीत बसले आहे. लेक स्नेहा शेजारी मोबाईल बघत बसली आहे. स्क्रीन बंद आहे, तरी बघते आहे.

सकाळी ह्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी आपली सुरू — "अहो, येताना डोशाचं पीठ आणा —" तर दुसराच आवाज. "भाभी, घबराना नहीं. साब गिर गये." माझ्या तोंडून निघालं, "अगं आई गं!" तसा तो पोरगा एकदम मराठीत आला. "काकू, मी अभिजीत, पुण्याचा. काका शुद्धीवर आहेत. पण... पाय हलत नाहीयेत त्यांचे."

रिंग रोडच्या कडेचा तो छत घातलेला सायकल ट्रॅक. साखर निघाल्यापासून दर रविवारी जायचे. घरून, नल्लकुंट्यातून, गाडीच्या मागे सायकल बांधून, अंधारातच. मी कुरकुर केली की म्हणायचे, "रूपा, तिथे ना बस ना ट्रक ना ऑटो. काय होणार आहे?"

झुडपातून मुंगूस आलं! ह्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल उलटी झाली. अभिजीत मागून येत होता, लांबून सगळं बघितलं त्याने. त्यानेच ॲम्ब्युलन्स बोलावली, इथपर्यंत आला. त्याच्या टी-शर्टवर ह्यांचं रक्त होतं. का कोण जाणे, मी विचारलं — आणि मुंगूस?

"ते गेलं काकू. चाकाखाली आलंच. मी उचलून कडेला ठेवलं."

सोमवार, १०

शुद्ध आली. पहिला शब्द — पाणी नाही, स्नेहा नाही, मी नाही.

"मुंगूस?"

"पळून गेलं," मी म्हटलं.

कुठून आलं तोंडात! ठरवलं नव्हतं काही. वर आणखी जोडलं — "झुडपात शिरलं सरळ. अभिजीतने बघितलं."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी गेली. मग मी बाहेर जाऊन अभिजीतला फोन केला, म्हटलं, बाबा, तूही असंच सांग. तो म्हणाला, "चालेल काकू."

गुरुवार, १३

डॉक्टर बोलले. मणका. सळया घातल्यात. कमरेखाली फार आशा ठेवू नका. इंग्रजीत सांगत होते, स्नेहाकडे बघून. मी बँकेत आहे, अख्खा दिवस इंग्रजीच वाचते — आज एक शब्द कळला नाही. स्नेहाच्या तोंडाकडे बघून कळलं.

रविवार, १६

सासूबाई नांदेडहून आल्या. पलंगाजवळ उभ्या राहून आधी रडल्या, मग भांडल्या. "एवढ्याशा जनावरापायी ब्रेक दाबला रे धम्मानंद? जाऊ द्यायची होती वरून गाडी!"

हे म्हणाले, "माय, पण ते वाचलं ना."

किती समाधानाने म्हणाले! मला तिथे उभं राहवेना. ह्यांच्या कोठीच्या टेलिफोन ऑफिसातले तिघे आले होते, त्यांनाही तेच. "मुंगूस बच गया." त्यांच्यातले रफीकभाई म्हणाले, "हौ साब, बडी नेकी करे आप." मी मोसंबीची पिशवी हातात धरून भिंतीकडे बघत होते.

एक तरी वाचलं. ह्या एका वाक्यावर झोपतात आणि उठतात. आता कुठल्या तोंडाने सांगू?

शनिवार, २२

माझ्या हातून चहा सांडला त्यांच्या पायावर. कढत चहा. ते पेपर वाचत राहिले.

सोमवार, ३ मार्च

घरी आणलं. पहिला मजला, लिफ्ट नाही. गल्लीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचललं. जिन्याच्या वळणावर जरा टेकवलं तेव्हा हे हसून म्हणाले, "वरात चालली आहे माझी." कोणी हसलं नाही.

लघवीची पिशवी बदलायला स्नेहा पुढे झाली तर तोंड फिरवून म्हणाले, "तू नको, बेटा. तू जा." ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. नळ सोडला की मला ऐकू येत नाही, असं तिला वाटतं.

ही वही उघडीच टाकते मी. तिला मराठी वाचता येत नाही. कधी त्याचं वाईट वाटायचं. आता बरं वाटतं.

रविवार, ९

तीन दिवस एक शब्द नाही. वाढलं तर खातात, पुसलं तर पुसून घेतात. खिडकीकडे तोंड. मी ऑफिसातून येते, बोलते, बोलते — भिंतीशी बोलल्यासारखं.

आज आपणहून बोलले तर काय — "रूपा, त्या मुंगसाला लागलं असेल का गं? एकदा बघून येशील?"

रविवार, १६

ट्रॅकवर गेले. अभिजीत त्याच्या गाडीतून घेऊन गेला. जाईन म्हटलं होतं, मग न जाता खोटं सांगणं जमेना. जाऊन सांगितलेलं खोटं जरा कमी खोटं असतं का?

लांबच लांब, वर छत, खाली गुळगुळीत. पोरं सुंई करून जातात, कानात गाणी. दोन्ही बाजूंना खडक आणि झुडपं. इकडच्या झुडपातून तिकडच्या झुडपात जायचं तर हाच रस्ता ओलांडायचा, दुसरा कुठला? चालता चालता एक सरडा दिसला, कागदासारखा चपटा. पुढे खारीची नुसती शेपटी. वाऱ्याने हलत होती, म्हणून मी धावले! वाटलं जिवंत आहे.

झाडणारा माणूस तेलुगूत म्हणाला, अम्मा, रोज काही ना काही असतं. कधी ससासुद्धा. सकाळी झाडून टाकतो. मुंगूस? आठवत नाही.

अभिजीतने ती जागा दाखवली. "इथे ठेवलं होतं, काकू. ह्या दगडाशी." तिथे काही नव्हतं. गवत होतं. मी खाली बसले आणि जी रडायला लागले! महिनाभरात पहिल्यांदा. कोणासाठी रडत होते, देव जाणे — बौद्ध घरात देव तरी कुठला आणू मी! अभिजीत उभा होता, मग तोही बसला. म्हणाला, "माझे आईबाबा म्हणतात, सायकल विकून टाक. मी विकणार नाही. पण त्या दिवसापासून इथे आलोय तो आजच, तुमच्याबरोबर."

घरी आले. हे वाट बघत होते. दाराकडे खुर्ची फिरवून घेतली होती स्नेहाकडून.

"दिसलं," मी म्हटलं. "खडकावर उन्हात बसलं होतं. मागचा पाय जरासा ओढतं. पण चपळ आहे हं! मला बघितलं आणि गेलं."

हसले. खरंच हसले. जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली.

 मी माझं ताट तसंच उचलून बेसिनपाशी नेलं.

मंगळवार, १८

हे विचारतात, काय खातं ते. बीळ कुठे असेल. पिल्लं असतील का. मी सांगते आहे, सांगते आहे. काल एक पिल्लूही जन्माला घातलं मी.

रविवार, २३

स्नेहा भाजी आणायला गेली होती. मी त्यांच्या टाचांना तेल लावत होते आणि माझं चालूच — अभिजीतचा फोन होता, पुन्हा दिसलं म्हणे —

"रूपा, बस कर आता."

मी वर बघितलं.

"मी बघितलं होतं त्याला. पडलो तेव्हा माझं तोंड त्याच्याकडेच होतं. हातभर लांब. मला मान फिरवता येईना. त्यालाही उठता येईना. दोघं आपले एकमेकांकडे बघत पडलो होतो. पोट हलत होतं त्याचं. मग थांबलं. अभिजीत त्याच्यानंतर पोचला."

तेलाची वाटी माझ्या हातातच.

"मग विचारलंत कशाला! शुद्धीवर आल्या आल्या?"

"स्वप्न पडलं असेल असं वाटलं. म्हणून विचारलं. तू म्हणालीस पळालं. तुझा चेहरा बघितला आणि कळलं. पण तू इतक्या घाईने, इतक्या मायेने सांगितलंस... म्हटलं राहू दे. सगळे येऊन माझ्या पायांचं बोलायचे. तुला बोलायला दुसरं काहीतरी पाहिजे होतं."

"आणि मला पाठवलंत तिकडे?"

"घराबाहेर पड म्हणून. तू रडली नव्हतीस."

मला इतका राग आला! दीड महिना मी मेलेलं जनावर जिवंत ठेवते आहे ह्या माणसासाठी, आणि हा माणूस ते माझ्यासाठी ऐकतो आहे! तेलकट हातांनीच त्यांच्या दंडावर गुद्दे मारले. तिथे लागतं त्यांना. "अगं लागतंय!" ओरडले. दोघंही हसायला लागलो, मग काही हसणं नव्हतं ते.

नंतर विचारलं. सासूबाई म्हणतात तसं — जाऊ दिली असती वरून, तर? पाय तरी...

म्हणाले, "हात आपोआप दाबतो गं. विचार करायला वेळ कुठे असतो." जरा थांबून, "आणि दाबूनही ते मेलंच. हे मात्र फार लागतं मला. पायांपेक्षा लागतं. हे कोणाला सांगितलं नाही."

मी त्यांचे तळपाय धरून बसले. त्यांना कळत नाही, माहीत आहे. तरी धरून बसले.

मंगळवार, २५

आज खूप बोललो. खरं खरं. सायकल कोणाला द्यायची, तळमजल्यावर घर बघायचं, स्नेहाने नोकरी सोडायची नाही. म्हणाले, ट्रॅकवर बोर्ड लावायला अर्ज करू — हळू चालवा, इथे जनावरं राहतात. अभिजीतला बोलावलं आहे रविवारी. किती दिवसांनी घरात माणसाचा आवाज!

ह्यांची डावी पोटरी सुजल्यासारखी वाटते. उद्या डॉक्टरांना दाखवते.

शुक्रवार, २८

हे गेले. परवा, सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली होती, ती खाली उभी असताना. पायातली गुठळी फुप्फुसात गेली म्हणाले.

काल नेलं. वंदना झाली. गल्लीच्या तोंडाशी अभिजीत उभा, आणि त्याच्यामागे ट्रॅकवरची सगळी पोरं, बाया, म्हातारेही. कोणी आपलं नावही सांगितलं नाही. सगळे सायकली हातात धरून चालत आले, स्मशानापर्यंत. बसलं कोणीच नाही. चाकांची टिकटिक तेवढी रस्ताभर.

स्नेहा पप्पांची सायकल घेऊन पुढे होती. हँडल वाकलं आहे, सारखं डावीकडे ओढत होतं. मी मागून सीट धरलं.