चौथीच्या वर्गावरचा पाठ

वेंगुर्ले,
१२ जानेवारी १९८४

तीर्थरूप बाबा,

खुशाली मागाहून. आधी काल घडलं ते सांगते.

पुढच्या आठवड्यात सराव पाठ सुरू होणार, म्हणून आम्ही डी.एड.च्या मुली एकमेकींसमोर पाठ घेत होतो. सुगंधा माझी विद्यार्थिनी झाली होती. भागाकारात ती मुद्दाम तिसऱ्यांदा चुकली आणि हसली. मी लाकडी पट्टीच्या धारेने तिच्या बोटांवर मारलं. तिने हात ओढला, तेव्हा केस धरून तिचं डोकं फळ्यावर आपटलं. भुवई फुटली. खडूच्या आकड्यांवरून रक्त ओघळलं.

आमच्या अध्यापिका परुळेकर बाईंनी मला मागे खेचलं. "गो, ह्यां तुका कोणी शिकयलां?"

"आमच्या बाबांनी," मी म्हटलं.

तुमच्या वर्गात चौथीत होते, तेव्हापासून माझा डावा कान बंद आहे. आई लोकांना सांगते, "तापात कान गेलो." मीही तेच सांगत आले.

सुगंधाला तीन टाके पडले. मी तिचे पाय धरले, तर ती दूर सरली. "माका तुझी भीती वाटता," म्हणाली.

बाईंनी मला एक शेवटची संधी दिली आहे. सोमवारी माझा पाठ तुमच्याच शाळेत, चौथीवर आहे. तुम्ही मागे बसाल. हे पत्र टपालात टाकत नाही, समोर उभी राहूनच सांगेन. तुम्ही एकाही मुलावर हात उगारलात, तर पाठ थांबवून मी तो धरीन. माझा उठला, तर तुम्ही धरा.

तुमचीच मुलगी,
कुंदा