प्रवासाचा कोट

३ नोव्हेंबर

धाकटीचं ठरलं. घड्याळवाल्याशी लग्न, आणि लगेच त्याच्या गावी — आगगाडीने, लांब. सांगितलं तेव्हा मी काज करत होते. टाका चुकला नाही. प्रवासाचा कोट मीच शिवणार. माझी बहीण दुसऱ्या कुणाच्या हातचं का घालेल?

५ नोव्हेंबर

माप घेतलं. आमच्या घरी कापडाला कात्री लावण्याआधी पुतळा भरतात. कापडी धडात कापूस ठासून गिऱ्हाइकाच्या अंगासारखं अंग करायचं. आई त्यात त्याच माणसाचे कंगव्यातले केसही घालायची. आम्हा दोघींना बजावायची, "मग माप चुकत नाही. पण कपडा झाला की त्याच दिवशी सगळं उपसा. ठेवलंत तर माणूस तिथेच राहतं." मी कॉलेजात शिकलेली, हसायचे. केस मात्र घालते. आज धाकटीचे घातले.

११ नोव्हेंबर

कोट झाला. पुतळा उपसला नाही. उद्या बघू.

१२ नोव्हेंबर

नाही.

१६ नोव्हेंबर

दुपारी शिवणखोलीत ऊन दुधासारखं पसरतं. त्यात पुतळा उभा. मानेवर हात ठेवला — ऊब होती. उन्हाचीच असेल.

धाकटी दिवसभर झोपते. जिना चढते तर पावलं वाजत नाहीत. कोट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा. घड्याळवाला म्हणाला, "ताई, तुमचा पुतळा माझ्या होणाऱ्या बायकोपेक्षा गुटगुटीत झालाय." सगळे हसलो. मीही.

डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. लग्न पुढे ढकललं.

संध्याकाळी पुतळ्यात आणखी कापूस भरला. हे लिहिते आहे, म्हणजे मला कळतं आहे. उसवायला कितीसा वेळ लागणार! पण मग ती जाणार. रिकाम्या घरात मी रागवायचं कुणावर?

२० नोव्हेंबर

धाकटीचं डोकं मांडीवर घेऊन केस विंचरले, लहानपणीसारखे. उशीइतकं हलकं डोकं. डोळे मिटूनच म्हणाली, "ताई, तुला एकटीला टाकून जाईन असं वाटलंच कसं तुला?"

"बडबडू नकोस. दूध पी."

"बरोबर नेणार आहे मी तुला."

ग्लानीतलं बोलणं. तरी ऐकून बरं वाटलं.

हल्ली माझा कंगवा स्वच्छ असतो. तीच साफ करत असणार. एवढी अशक्त असून.

२४ नोव्हेंबर

धाकटी चक्क उठली. जिन्यावर पावलं वाजली, खाली घड्याळवाल्याशी हसणंही ऐकू आलं. लग्न पुन्हा ठरलं — २७ला, आणि त्याच दिवशी गाडी. मी झोपूनच. अंगठी सारखी बोटातून गळते. डोळा लागला की एकच स्वप्न — मी कापसाची, कुणीतरी मला हळूहळू टाके घालतंय. दुखत नाही. आवडतं.

२६ नोव्हेंबर

भिंत धरत शिवणखोलीत गेले. पुतळा रिकामा. कापूस नाही, केस नाहीत.

धाकटीच्या खोलीत ट्रंक उघडी होती. कपड्यांमध्ये मऊ निजवलेलं एक कापडी धड. उजवा खांदा किंचित उतरता — माझा. टाके सुबक, मीच शिकवलेले.

तिने मागून येऊन मला अलगद उचललं, इथे खुर्चीत आणून बसवलं. शाल पांघरली. म्हणाली, "झालंच आता, ताई. उद्या गाडी."