ती शेवटची ओळ मी हातानं लिहीन

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. जन्मभर एका टेबलाशी बसलो, पत्र लिहायचा प्रसंग कुठे आला? वर ‘प्रिय’ घातलं असतं तर तुम्ही हसला असता, म्हणून आपलं ‘अहो’च बरं. आत्ताच कोर्टातून आले. चहा समोर निवतोय, शिल्पा आत कणीक मळते आहे. आज माझ्या हातून जे होता होता राहिलं, ते तुमच्याशिवाय कबूल तरी कुणापुढे करू?

चूक माझी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्येच ‘कुणाची चूक?’ विचारणार नाही.

आपलं कागद टाइप करायचं टेबल अजून तिथेच आहे हो, कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सवाल्याच्या बाजूला. टाइपरायटर मात्र माळ्यावर गेला. तुमची सून शिल्पा आता काळा कोट घालून त्याच टेबलावर लॅपटॉप उघडते आणि त्या एआयला तोंडानं सांगते, हिंदीत, आपण पानवाल्याला सांगतो तसं. चहाला उकळी फुटायच्या आत शपथपत्र तयार! किरायानामा तयार. इन्कम टॅक्सची नोटीस आली तर तिचं उत्तरही तयार. तुम्ही एका नोटिशीला दोन दिवस डोकं खाजवत बसायचात, आठवतं?

खोटं का बोलू, मला आवडतं ते. मी पण शिकले, आपलं आपणच. सातवी पास बाई, तुमच्या दुपारच्या डुलकीत लिफाफ्यांवर पत्ते बडवून टायपिंग शिकली, तिला हे काय जड? मागे एका किरायानाम्यात मी घराचा नंबर दोन पानांवर दोन तऱ्हेचा लिहिला होता, तो त्या मशीननं पकडला. मी त्याला ‘भिया, मान गए’ म्हटलं. शिल्पा हसून राहिली.

तुमचं काम कसं असायचं! कागद टाइप झाला की तुम्ही उठून उभे राहायचात आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायचात. मी चिडायची. ‘अहो, हळू! कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांवरची कबुतरं उडाली असतील.’ तुमचं वाचन होईतो शेजारच्या टेबलावर तीन गिऱ्हाइकं निपटायची. वाचून झालं तरी सुटका कुठे? अंगठ्याच्या शाईची डबी झाकून ठेवून विचारायचात, ‘अब तू बता, मैंने क्या पढ़ा?’ समोरच्यानं आपल्या शब्दांत नीट सांगितलं, की मगच डबी उघडायची. केवढे टोमणे मारले मी त्यावरून! ‘मास्तर व्हायचं होतं ना, टेबल कशाला टाकलं?’

ते टोमणे आज सगळे परत घेते.

सकाळी सांवेरकडची सोनाबाई आली. तुम्हाला आठवेल, चांदीच्या जाड कड्यांची, फार वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या वारसाचा कागद करायला तुमच्याकडे आली होती ती. आता नवरा गेला, पोरबाळ नाही. शेत नवऱ्याच्या नावावर, ते तिच्या नावावर चढवायचं आहे आणि तहसिलीत चकरा मारायला गुडघे चालत नाहीत. म्हणून सोबत आलेला तिच्या भावाचा मुलगा राधेश्याम तिच्या वतीनं धावपळ करणार. त्यासाठी त्याच्या नावाचं मुखत्यारपत्र हवं होतं. एवढंच.

शिल्पाला कोर्टात पुकारा होता. तिनं घाईत मशीनला सांगितलं, ‘ज़मीन के काम के लिए मुख्तारनामा बना दो,’ आणि मला म्हणाली, ‘आई, प्रिंट काढा, मी हजेरी लावून येते.’ मी कागद काढला. खाली ती ओळ होतीच, आपल्या ओळखीची: ‘उपरोक्त लेख निष्पादक को पढ़कर सुनाया एवं समझाया गया.’ ती बघून मला वाटलं, शिल्पानं वाचून दाखवलं असणार. आणि शिल्पाला वाटलं होतं, आई वाचतील. अहो, ती ओळसुद्धा मशीननंच लिहिली होती! कागद अजून कुणाच्या डोळ्याखालून गेला नव्हता, आणि खाली लिहिलेलं, वाचून समजावला.

मी डबी उघडली. सोनाबाईचा अंगठा शाईत बुडाला. तेवढ्यात ती म्हणते कशी, ‘बेन, वांची ने तो सुणाव! पेलां वाला बाबूजी तो सुणाया बिना डब्बी भी नी खोलता था.’

तुमचं वाचून दाखवणं तिच्या लक्षात होतं, माझ्या नाही; माझं तोंड एवढंसं झालं हो!

शिल्पा परत आली होती. ती म्हणाली, ‘आई, तुम्ही दमू नका, हेच वाचून दाखवेल.’ तिनं बटण दाबलं. काय सुरेख वाचलं त्यानं! कुठे अडखळणं नाही, खोकणं नाही. सोनाबाई रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्या तशी मान हलवत होती, ‘हूँ, हूँ.’ झालं. अंगठा पुढे आला.

आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. खरं सांगते, मी ठरवून नाही बोलले. ‘बेन, अब तू बता, क्या पढ़ा?’

‘भतीजो तेसील जावेगा, म्हारो नाम चढ़वावेगा. बस.’

मी म्हटलं, बरोबर बोलते आहे ना, बघावं. कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली गेले. सहाव्या कलमात बोट थांबलं. ‘विक्रय, दान, बंधक’! मी मोठ्यानं सांगितलं, ‘बेन, इसमें लिखा है, राधेश्याम तेरा खेत बेच सकता है.’

‘बेचेगा? खेत? कूण बेचेगा?’ तिनं हात असा मागे घेतला की लुगड्याला शाई लागली.

राधेश्याम बिचारा रडायच्या बेतात. ‘बुआ, कसम से, मैंने तो नाम चढ़ाने का बोला था!’ शिल्पाचा चेहरा पांढराफटक. कुणाच्याच पोटात पाप नव्हतं हो. आपण पापड मागितला, मशीननं अख्खी पंगत वाढली, आणि पानात काय पडलं ते कुणी बघितलंच नाही.

तो कागद मी उभा फाडला. सहा नंबरचं कलम काढलं, दुसरा छापला, आणि उभी राहून वाचला, तुमच्यासारखा, तिच्या बोलीत. ‘नामांतरण’शी तिचा चेहरा कोरा झाला, तिथे थांबले, ‘नाम चढ़ाना’ असं पुन्हा सांगितलं. मशीनला तेवढंच जमलं नव्हतं. तोंड बघून थांबणं. मग विचारलं, बता. ती म्हणाली, ‘भतीजो दौड़ेगा, खेत म्हारो रेगा.’ मग डबी उघडली.

ते लोक गेल्यावर शिल्पाशी माझं वाजलं. ती म्हणाली, ‘आई, ड्राफ्टमधली चूक माझी, मान्य. पण दिवसाला वीस कागद असतात. प्रत्येक वाचत बसले तर बाकीची कामं कधी करू?’ मी विचारलं, ‘एक कागद आधी किती वेळात व्हायचा?’ ‘तासाभरात.’ ‘आता?’ ‘पाच मिनिटांत.’ ‘मग उरलेली पंचावन्न मिनिटं कुठे गेली, पोरी? त्यातली दहा दे की मला!’

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, ‘दाखवा, कोणती ओळ?’ आम्ही दोघींनी ती शेवटची ओळ सगळ्या नमुन्यांतून काढून टाकली. आता तिथे कोरी जागा राहील.

एक गोष्ट मात्र आज दिवसभर टोचते आहे. दवाखान्यात तुमच्या त्या शेवटच्या ऑपरेशनआधी माझ्यापुढे कागद ठेवले होते. मी धडाधड सह्या केल्या. तुमची वाचा गेलेली, पण तुम्ही खाटेवरून बोट हलवत होतात, डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. मला वाटलं, पाणी हवंय. मी चमच्यानं पाणी दिलं. आज सहाव्या कलमावर माझं स्वतःचं बोट तसंच फिरताना बघितलं, आणि लख्ख कळलं. तुम्ही विचारत होतात ना, ‘वाचलंस का?’

नव्हतं वाचलं हो. वाचूनही सही केलीच असती. पण तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायला हवं होतं. तो तुमचा हक्क होता. साऱ्या दुनियेला वाचून दाखवणाऱ्याला त्याचाच कागद कुणी वाचून दाखवला नाही! मला माफ करा.

दुपारी आणखी एक कागद आला. शिल्पा स्वतः उभी राहिली. पुटपुटल्यासारखं वाचत होती, लाजत होती. मी म्हटलं, ‘मोठ्यानं, पोरी! कबुतरं उडाली पाहिजेत!’ आजूबाजूची टेबलं वळून बघू लागली. बघू देत. आमचं गिऱ्हाईक तुटलं तर तुटू देत.

तर हा माझा शब्द घ्या. लिहू दे मशीनला, माझ्याहून छान लिहितं ते. पण आपल्या टेबलावर कागद माणूस वाचेल, समोरच्याच्या तोंडाकडे बघत वाचेल, आणि ‘अब तू बता’ झाल्याशिवाय डबी उघडणार नाही. खालच्या कोऱ्या जागेत ‘पढ़कर सुनाया’ हे मी माझ्या वाकड्या अक्षरात पेनानं लिहीन, ते खरं झाल्यावरच. माझा हात थकला की शिल्पा लिहील. तिचं अक्षर बरं आहे.

हे पत्र लिहून झालं की उभी राहून तुमच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्या अक्षरापासून.

तुमचीच,
मालू